घरचे बी, घरचे रोप

बाजारात भाजी मिळते. दुकानात बियांची पुडी मिळते. मग घरचे बी जपायचे कशाला? असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर आज आपण पाहू.

आपल्या आजीच्या परसात काय काय असे? काटेरी गावठी वांगे, पावसाळी तवसे, कडवे वाल, तलवारीसारख्या शेंगांची अबई, चार धारांची चौधारी. दर वर्षी कोणीतरी चांगले फळ झाडावर राखी. बी काढी, वाळवी आणि पुढच्या पावसात लावी. अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालली. चार-पाच वर्षे बी लावलेच नाही, तर काय होते? डब्यात बी दिसते, पण त्यातला जीव जातो. शेवटच्या घरातले बी मेले की ते वाण संपले. मग पैसे मोजूनही ते मिळत नाही.

दुकानातल्या पुष्कळ पुड्यांत संकरित बी असते. ते दोन वेगळ्या वाणांपासून तयार करतात. पीक भरघोस येते, हे खरे. पण त्या फळाचे बी धरून लावले, तर पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत. म्हणून दर वर्षी नवी पुडी घ्यावी लागते. गावरान वाण नीट राखले, तर लेक आईच्या वळणावर जाते.

राहीबाईंचे काम

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी घरोघरचे गावरान बी गोळा केले. शंभराहून अधिक वाणे जपली. मडक्यात, राखेत बी ठेवायची जुनी रीत त्यांनी चालू ठेवली. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

बी जिवंत आहे का?

जुने बी मिळाले, तर आधी त्याची परीक्षा घ्या. दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके ओलसर ठेवा, पाण्यात बुडवू नका. आठ-दहा दिवसांनी उघडून पहा. आठ बियांना कोंब आले, तर बी उत्तम. पाचच उगवल्या, तर पेरताना दुप्पट बी टाका. दोनच उगवल्या, तरी बी फेकू नका. सगळे याच वर्षी लावा. पुढच्या वर्षी तेवढेही उगवणार नाही.

डबा आणि माती

उल्हासनगरच्या दाट वस्तीत अंगण कुठले? तिथे गोडेतेलाचा जुना डबाही चालतो. खिळ्याने तळाला पाच-सहा भोके पाडा. वर खापरीचे तुकडे ठेवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू मिसळून भरा. पण एक जपा. कारखान्यातले रसायनाचे पिंप कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नका. त्यात आपण खायची भाजी लावायची आहे.

बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट खोल पेरावे. वांग्याचे बी बारीक. त्यावर मातीची पातळ चादर पुरे. अबईचे बी मोठे आणि कठीण. ते रात्रभर पाण्यात भिजवून मग बोटाच्या एका पेराइतके खोल लावा.

नवा माणूस बी मारतो तो पाणी घालून घालून. माती सदा चिखल राहिली, की रोप बुंध्याशी कुजून आडवे पडते. बोट लावून पहा. माती कोरडी लागली तरच पाणी शिंपडा. मोठ्या पावसात डबा वळचणीखाली घ्या.

वांग्याची रोपे चार-पाच पानांची झाली, की संध्याकाळी उचलून दुसरीकडे लावा. तवसे आणि अबई मात्र जागेवरच पेरा. वाल तर आपल्याकडे भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर पेरतात.

जांभळाची गोष्ट निराळी

बदलापूरचे जांभूळ प्रसिद्ध आहे. पण त्याचे बी वालासारखे वाळवून ठेवता येत नाही. वाळले की मेले. जांभूळ खाल्ले की बी धुऊन आठ-पंधरा दिवसांत लावा. एका बीतून कधी दोन-तीन कोंबही निघतात. फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात. आपण लावावे, नातवंडांनी खावे.

पुढच्या वर्षाचे बी

सर्वांत जोमदार झाड निवडा. त्याचे पहिले चांगले फळ खाऊ नका, राखा. वांगे पिवळे होऊ द्या. तवसे वेलावर पूर्ण पिकू द्या. वालाच्या शेंगा वेलावरच वाळू द्या. बी सावलीत खडखडीत वाळवा. चाळलेली राख मिसळून झाकणाच्या बरणीत ठेवा. राखेने कीड लागत नाही.

दुधी, तवसे यांच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि वाणांची सरमिसळ होते. म्हणून एका जातीचे दोन वाण जवळ लावू नका. घरच्या दुधीचा तुकडा आधी जिभेला लावून पहा. कडू लागला, तर थुंकून टाका आणि दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. त्याचे बीही धरू नका.

चिठ्ठी लिहा

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. ती विद्या इथे कामी आणा. बरणीत चिठ्ठी टाका. वाणाचे नाव, कोणाकडून आणले, कधी बी धरले, एवढे तीन शब्द पुरेत. "काटेरी वांगे. आत्याकडचे. मार्च २०२५." माणूस विसरतो, माणूस जातो. चिठ्ठी राहते.

आणि मूठभर बी दोन शेजाऱ्यांना द्या. आपल्याकडे उंदीर लागले, तरी त्यांच्याकडे राहील. जगातली राष्ट्रेही हेच करतात. नॉर्वे देशाच्या स्वालबार बेटावर, थंड डोंगराच्या पोटात, देशोदेशीचे बी २००८ सालापासून ठेवलेले आहे. आपल्या देशात २००१ साली झालेल्या कायद्यानेही शेतकऱ्याला घरचे बी राखायचा, पेरायचा आणि वाटायचा हक्क दिला आहे.

यंदा एकच वाण घ्या. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, "आजी, तुमच्याकडे कोणते बी आहे?" पण लवकर विचारा.