नऊ की पंचेचाळीस? (भाग ७)

मागच्या आठवड्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांतला फरक पाहिला. आता अमेरिकेत बंदुकीच्या दुकानांत वर्षानुवर्षे रंगणारा वाद: स्वसंरक्षणासाठी रोज कमरेला लावायच्या पिस्तुलाची गोळी केवढी असावी? एका बाजूला १९०२ साली जर्मनीत जन्मलेली ९ मिलिमीटरची, साधारण ८ ग्रॅमची वेगवान गोळी. दुसऱ्या बाजूला जॉन ब्राउनिंगची ‘फॉर्टीफाइव्ह’, म्हणजे इंचाचा ४५ शतांश व्यास. वजन १५ ग्रॅमच्या आसपास, चाल संथ.

या वादाला धार आली ११ एप्रिल १९८६ रोजी. मायामीत एफबीआयच्या ८ एजंटांनी दोन दरोडेखोरांना घेरलं. जेरी डव्ह या एजंटाची ९ मिलिमीटरची गोळी मायकेल प्लॅट या दरोडेखोराच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. जखम प्राणघातक होती, पण प्लॅट लगेच कोसळला नाही. तो रायफल चालवत राहिला. डव्ह आणि दुसरा एजंट बेंजामिन ग्रोगन मारले गेले, पाच एजंट जखमी झाले.

एफबीआयने खापर गोळीवर फोडलं. ते पूर्णपणे न्याय्य होतं असं मला वाटत नाही. रायफलसमोर पिस्तूल घेऊन उभं राहणं हाच मुळात विषम सामना. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली. मानवी स्नायूंच्या जवळपास जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच शिरली पाहिजे, असा मापदंड ठरला. १२ इंच कशाला? समोरच्याचा दंड आडवा येऊ शकतो, प्लॅटचा आला तसा.

मग एफबीआयने १० मिलिमीटरचं काडतूस निवडलं. त्याचा धक्का अनेकांना झेपेना, म्हणून ते सौम्य केलं. त्यातूनच १९९० मध्ये पॉइंट फोर्टी जन्मलं आणि अमेरिकन पोलिसांत मुरलं. दरम्यान ९ मिलिमीटरच्या गोळ्या सुधारत गेल्या, आणि २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिलिमीटरचीच शिफारस केली. घोडं फिरून तबेल्यात!

कारणं साधी होती. चांगल्या आधुनिक गोळ्यांच्या जखमांत फारसा फरक उरला नव्हता. धक्का कमी असला की दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. शिवाय एकाच आकाराच्या ग्लॉक १९ मध्ये ९ मिलिमीटरच्या १५ गोळ्या मावतात, ग्लॉक २३ मध्ये पॉइंट फोर्टीच्या १३. सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून काचेवर आदळतो, ते सोडा. पिस्तुलाच्या गोळीत तेवढा जोर असता तर चाप ओढणाराही तेवढाच मागे उडाला असता. हृदय निकामी झाल्यावरही मेंदूत १० ते १५ सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो, असं एफबीआयचाच १९८९चा अहवाल सांगतो. त्यामुळे आकड्यापेक्षा नेम मोठा. हात थरथरत असताना जी गोळी आवरता येते, ती योग्य.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला हा वाद घालायची सोयच नाही. ९ मिलिमीटरचं लष्करी काडतूस त्याला मिळत नाही. त्याच्या वाट्याला बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट थर्टीटूचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर येतं.