फडावरचे दोन थेंब

पल्स पोलिओचा रविवार ऊसतोडीच्या हंगामात आला की आरोग्यसेविका आणि आशाताई साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जातात. मी त्यांच्यासोबत गेलो तेव्हा निम्मी पोरं आईबापांबरोबर फडात होती, म्हणून आम्हीही फडात गेलो.

लशीच्या कॅरियरमधून कुपी काढली की सेविका आधी लेबल पाहते. त्यावर एका वर्तुळात फिकट चौकोन असतो. उष्णता लागेल तसा तो गडद होतो आणि वर्तुळाच्या रंगाला मिळाला की कुपी बाद. ही लस कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंची असते, त्यांना ऊन सोसत नाही. त्यामुळे एका बाळाला पाजून झालं की कुपी लगेच बर्फात. गाल हलके दाबायचे, जिभेवर दोन थेंब सोडायचे, बाळाने थुंकले तर पुन्हा द्यायचे, मग डाव्या करंगळीला शाई.

बीडकडची एक आई म्हणाली, "ताई, दंडावर सुई देल्ती की ह्याला. आता थेंब कशाला?"

"सुई पाय वाचवते गं, थेंब पोट राखतात," सेविका म्हणाली.

याहून नेमकं उत्तर मी ऐकलेलं नाही. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडं येतात, लकवा टळतो. आतड्याच्या अस्तरात मात्र पुरेसा पहारा बसत नाही. थेंबांतला विषाणू त्या अस्तरातच वाढतो, तिथे आयजीए प्रतिपिंडं पाझरू लागतात. मग खऱ्या विषाणूला आतड्यात थारा मिळणं आणि तिथून पुढच्या बाळापर्यंत पोचणं अवघड होतं. शौचालय नसलेल्या तळावर हे फार मोलाचं आहे. जिभेखाली लस देण्याच्या आजच्या संशोधनामागेही हाच विचार आहे: जंतू ज्या ओल्या अस्तरातून शिरतो, तिथलं संरक्षण जागं करायचं.

जुलाब असलेल्या किंवा आतड्यात दुसरे विषाणू असलेल्या मुलांत थेंब नीट रुजत नाहीत, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

देशभर ही मोहीम 1995 साली सुरू झाली. नैसर्गिक पोलिओची भारतातली शेवटची रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळली. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून फिरतो आहे, तिथून तो परत येऊ शकतो. तेव्हा घरातलं पाच वर्षांखालचं मूल पुढच्या पोलिओ रविवारी बूथवर न्याच, आधीचे सगळे डोस झाले असले तरीही. आणि जवळपास ऊसतोड्यांचा तळ असेल तर तिथली पोरं राहिली नाहीत ना, हे आशाताईंना विचारा.