ठाणेदारांची मिशिगन मोहीम : ऐकीव आणि खरं

‘आपला बेळगावचा माणूस अमेरिकेत राज्यपाल होता होता थोडक्यात राहिला.’ श्री ठाणेदार यांचा विषय निघाला की अशा अर्थाचं एखादं वाक्य येतंच. त्यातलं बेळगाव खरं आहे. १९५५ साली चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९७९मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात पोचलेले ठाणेदार मराठीच. त्यांचं मराठी आत्मचरित्रही आपल्याकडे वाचलं गेलं आहे. वाक्याचा उरलेला भाग मात्र जवळजवळ शब्दागणिक दुरुस्त करावा लागतो.

आधी ‘थोडक्यात’. ७ ऑगस्ट २०१८ रोजी मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची गव्हर्नरपदासाठीची प्राथमिक निवडणूक झाली. ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के मतं मिळाली, डॉ. अब्दुल अल-सईद यांना ३० टक्के आणि ठाणेदारांना जेमतेम १८. आकड्यांत सांगायचं तर व्हिटमर सुमारे ५ लाख ८८ हजार, ठाणेदार सुमारे २ लाख. राज्यातल्या ८३च्या ८३ काउंट्यांमध्ये व्हिटमर पुढे होत्या. याला थोडक्यात हरणं म्हणत नाहीत. शिवाय हरले ते गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत नव्हे, पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या निवडणुकीत. रिपब्लिकन उमेदवाराशी सामना नोव्हेंबरमध्ये व्हायचा होता. तो व्हिटमर यांनी बिल शूटी यांच्याविरुद्ध लढवला आणि जिंकला.

आता पदाविषयी. आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेले असतात आणि बहुतेक कामं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. तुलनाच करायची तर ती मुख्यमंत्र्यांशी करावी लागेल, आणि तीही अपुरी पडते, कारण गव्हर्नरला विधानसभेतल्या बहुमतावर टिकून राहायचं नसतं. विधिमंडळ विरोधी पक्षाच्या ताब्यात असलं तरी तो मुदत संपेपर्यंत खुर्चीत असतो आणि विधेयकावर नकाराधिकार वापरू शकतो.

ही सत्ता किती खोल जाते, हे मिशिगनइतकं कुणी अनुभवलं नसेल. गव्हर्नर रिक स्नायडर यांच्या काळात राज्य सरकार कर्जबाजारी शहरांवर ‘आणीबाणी व्यवस्थापक’ नेमत असे. निवडून आलेला महापौर आणि नगरपरिषद नावापुरती उरे, निर्णय हा नेमलेला माणूस घेई. (महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.) डेट्रॉइट शहराने २०१३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली ती अशाच व्यवस्थापकाच्या हाताखाली. २०१४च्या एप्रिलमध्ये फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा पैसे वाचवण्यासाठी फ्लिंट नदीवर वळवला गेला, तेव्हाही कारभार अशाच व्यवस्थापकाकडे होता. पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया झाली नाही, जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि ते लहान मुलांच्या पोटात गेलं. स्नायडर यांच्या दोन मुदती २०१८मध्ये संपत होत्या. मिशिगनमध्ये गव्हर्नरला दोनपेक्षा जास्त मुदती मिळत नाहीत, त्यामुळे खुर्ची मोकळी होणार होती. प्राथमिक फेरीत दोन्ही पक्षांत चुरस झाली ती या पार्श्वभूमीवर.

परदेशात जन्मलेला माणूस गव्हर्नर होऊ शकत नाही, असंही पुष्कळांना वाटतं. जन्माने नागरिक असण्याची अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यापुरती आहे. मिशिगनच्याच जेनिफर ग्रॅनहोम यांचा जन्म कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, आणि त्या २००३ ते २०११ अशी आठ वर्षं गव्हर्नर होत्या. मिशिगनची राज्यघटना किमान तीस वर्षं वय आणि चार वर्षं राज्यातला मतदार असणं एवढंच मागते. गंमत अशी की, २०१८च्या मोहिमेत पात्रतेवरून वाद उठला तो चिकोडीत जन्मलेल्या ठाणेदारांवर नव्हे, मिशिगनमध्येच जन्मलेल्या अल-सईद यांच्यावर. मधल्या काळात ते न्यू यॉर्कमध्ये मतदार म्हणून नोंदले गेले होते. शेवटी त्यांचं नाव मतपत्रिकेवर राहिलं.

सर्वांत पक्का गैरसमज तिकिटाचा. दिल्लीच्या वाऱ्या, एबी फॉर्म, शेवटच्या रात्री बदललेली यादी हे सगळं पाहून आपण गृहीत धरतो की, उमेदवारी पक्ष देतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पक्षाकडे ती देण्याचा अधिकारच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी उमेदवार निवडण्याचं काम पक्षाच्या दादा लोकांकडून काढून कायद्याने मतदारांकडे दिलं, आणि ती रीत देशभर पसरली. प्राथमिक निवडणुकीची तारीख कायदा ठरवतो, मतपत्रिका सरकारी कारकून छापतो. ठाणेदारांनी २०१७मध्ये उमेदवारी जाहीर केली तेव्हा ते राजकारणात पूर्ण नवखे होते, एकही निवडणूक लढलेले नव्हते. पक्षातल्या कुणालाही ते नको असते, तरी त्यांना अडवण्याचा सरळ मार्ग कुणाकडे नव्हता.

पक्षाचं वजन नसतं असं मात्र नाही. ते अधिकाराचं नसून पाठिंब्याचं असतं. व्हिटमर राज्याच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सच्या नेत्या राहिलेल्या. मोटार कामगारांची बलाढ्य संघटना आणि शिक्षकांची संघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मिशिगनमध्ये याचा अर्थ दारोदार फिरणारी माणसं. अल-सईद यांच्या सभांना पक्षाच्या डाव्या गोटातले बर्नी सँडर्स आले, तेव्हा नुकत्याच प्रकाशात आलेल्या अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ आल्या. ठाणेदार स्वतःला सँडर्स यांच्याच वाटेवरचे म्हणवत होते, पण त्या गोटातून बोलावणं आलं ते दुसऱ्याला.

पक्ष अडवू शकत नसला, तरी सह्या अडवू शकतात. मिशिगनमध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत उतरायला १५ हजार मतदारांच्या वैध सह्या लागतात, आणि त्या गोळा करायला अनेकदा पैसे देऊन माणसं नेमली जातात. ही औपचारिकता वाटत असेल, तर २०२२चं उदाहरण पाहावं. रिपब्लिकन पक्षाकडून दहा जणांनी अर्ज भरले. राज्याच्या निवडणूक विभागाला सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांच्या कागदांत हजारो बनावट सह्या सापडल्या. पाच उमेदवार एका फटक्यात बाद झाले. त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते, ज्यांना तोवर आघाडीवर मानलं जात होतं.

मत कोण देतो, याबद्दलही गोंधळ आहे. ‘पक्षाचे सदस्य’ हे उत्तर न्यू यॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियासाठी साधारण बरोबर आहे, तिथे मतदार पक्षाच्या नावाने नोंदलेला असावा लागतो. मिशिगनमध्ये अशी नोंदणीच नाही. कोणताही मतदार जातो, त्याला एकच मतपत्रिका मिळते, तिच्यावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. कोणत्या रकान्यात खूण करायची हे तो पडद्याआड ठरवतो. फक्त दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षीय भाग बाद. दुसऱ्या फेरीची भानगडही मिशिगनमध्ये नाही. ज्याला जास्त मतं, तो उमेदवार, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. दक्षिणेकडच्या काही राज्यांत तसं चालत नाही. २०१० साली साउथ कॅरोलिनात निकी हेली यांना पहिल्या फेरीत ४९ टक्के मतं पडली, जवळच्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी, तरी दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

पैशाने निवडणूक जिंकता येते, या समजावर ठाणेदारांच्या मोहिमेने चांगला प्रकाश टाकला. रासायनिक चाचण्यांच्या कंपन्या उभारून आणि विकून कमावलेल्या पैशातले सुमारे १ कोटी डॉलर त्यांनी स्वतःच्या प्रचारात घातले. २०१८च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या सामन्यादरम्यान मिशिगनच्या पडद्यांवर त्यांची जाहिरात झळकली. त्यात लोक त्यांचं नाव उच्चारताना अडखळतात. जाहिरात छान होती, आणि पैसा वाया गेला असंही म्हणता येत नाही : त्या वसंतात काही जनमत चाचण्यांत हा अनोळखी माणूस व्हिटमर यांच्याही पुढे दिसू लागला. पैशाने ओळख मिळते, आणि लवकर मिळते. पण ओळख झाली की लोक चौकशीही करतात.

चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे, २००८मध्ये त्यांनी रिपब्लिकन जॉन मॅककेन यांना देणगी दिली होती. आपण कोणत्या पक्षाकडून लढावं याची चाचपणी ते करत होते, असा दावा काही राजकीय सल्लागारांनी ‘द इंटरसेप्ट’कडे केला. ठाणेदारांनी तो नाकारला. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. २०१०मध्ये त्यांचा अ‍ॅझोफार्मा उद्योगसमूह बुडाला, बँकेने ताबा घेतला, आणि न्यू जर्सीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत शंभराहून अधिक बीगल कुत्री आणि काही माकडं कुलूपबंद इमारतीत राहिली. प्राणिमित्र संस्थांनी नंतर त्यांची सुटका केली. तेव्हा सूत्रं आपल्या हातात नव्हती, बँकेच्या हातात होती, हे ठाणेदारांचं म्हणणं. ते ग्राह्य धरलं तरी स्वतःला यशस्वी उद्योजक म्हणून विकणाऱ्या उमेदवाराला हा बचाव महाग पडतो. शेवटी हिशेब बसला तो मतामागे साधारण ५० डॉलरचा.

अर्थात उलटी उदाहरणंही आहेत. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये हयात हॉटेलांच्या घराण्यातले जे. बी. प्रित्झकर यांनी १७ कोटी डॉलरच्या आसपास पदरचे खर्चून गव्हर्नरपद मिळवलं. मेग व्हिटमन यांनी २०१०मध्ये कॅलिफोर्नियात १४ कोटींहून अधिक ओतले, रिपब्लिकन उमेदवारी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये जेरी ब्राउन यांच्याकडून हरल्या. प्रित्झकर यांच्या पाठीशी पैशाबरोबर पक्षातले बडे नेते आणि कामगार संघटनाही होत्या. मिशिगनमध्ये त्या संघटना व्हिटमर यांच्याकडे गेल्या होत्या, आणि ठाणेदारांकडे दूरदर्शनच्या वेळेखेरीज फारसं काही नव्हतं.

‘भारतीयांनी आपल्या माणसाला मतं दिली’ हा आपल्याला सुखावणारा समज. मिशिगनच्या सुमारे एक कोटी वस्तीत भारतीय वंशाचे लोक शेकडा दोनहूनही कमी. सगळेच्या सगळे मतदार असते आणि सगळ्यांनी ठाणेदारांनाच मत दिलं असतं, तरी २ लाखांचा आकडा गाठला नसता. मतं आली दुसरीकडून. ज्या डेट्रॉइटमध्ये चारांतले तीनहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय आहेत, तिथे सर्वाधिक मतं ठाणेदारांना पडली. शहराला नीट न ओळखणाऱ्या, राजधानी लॅन्सिंगच्या राजकारणी अशी व्हिटमर यांच्याबद्दल तिथे तक्रार होती. ठाणेदारांचा चेहरा रोज दूरदर्शनवर दिसत होता, आणि गरिबीतून वर आल्याची त्यांची कहाणी तिथे ऐकली गेली. राज्यभरच्या निकालात ही गोष्ट बुडून गेली. ठाणेदारांच्या नजरेतून मात्र ती सुटली नाही.

आपल्याकडच्या सवयीने इथे कुणी विचारेल, एवढी मतं होती तर बंडखोरी करून अपक्ष का उभे राहिले नाहीत? कायद्याने वाट बंद होती. प्राथमिक फेरीत हरलेल्याचं नाव त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या झेंड्याखाली किंवा अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येऊ शकत नाही. या नियमाचा फटका २०१२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला बसला. गॅरी जॉन्सन यांनी रिपब्लिकन प्राथमिक फेरीतून माघार घेण्याचा अर्ज मिशिगनमध्ये मुदतीनंतर तीन मिनिटांनी दिला, आणि लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांचं नाव त्या राज्यात छापलं गेलं नाही. विधानसभेच्या निवडणुकीत मतदारसंघागणिक बंडोबा थंड करत फिरणाऱ्या आपल्या नेत्यांना हा कायदा मिळाला तर ते पेढे वाटतील.

ठाणेदार अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटमध्ये राहायला गेले. २०२०मध्ये तिथून राज्याच्या विधानसभेत निवडून आले. २०२२मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या तेराव्या मतदारसंघासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत नऊ जण उभे होते, आणि पुन्हा स्वतःचे बरेच पैसे घालून ते अवघ्या २८ टक्के मतांवर पहिले आले. मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरमध्ये त्यांना ७१ टक्के मिळाले. खरी निवडणूक ऑगस्टमध्येच होऊन गेली होती. महाराष्ट्रात तेव्हा अभिनंदनाचे फलक लागले असतील. डेट्रॉइटमध्ये चर्चा वेगळी होती. कृष्णवर्णीय मतं अनेक उमेदवारांत विभागली गेली आणि १९५५पासून पहिल्यांदाच या शहरातून काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले अ‍ॅडम हॉलियर २०२४मध्ये पुन्हा उतरले, तेव्हा ठाणेदारांनी त्यांच्या सह्यांवर हरकत घेतली. हजार वैध सह्या हव्या होत्या. छाननीत तेवढ्या भरल्या नाहीत, आणि हॉलियर यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही.