म्हाताऱ्या कुत्र्यावरचे आळ

बारा-तेरा वर्षे घराची राखण केलेला कुत्रा दार उघडण्याची वाट पाहत कडीच्या बाजूस न जाता बिजागरीकडे तोंड करून तिष्ठत राहतो, भिंत आणि कपाट यांच्या सांदीत शिरल्यावर मागे सरून बाहेर यावे हे त्यास सुचत नाही, दिवसभर झोपून मध्यरात्री तो विव्हळत येरझारा घालतो. आणि घरची मंडळी 'वय झाले' एवढे म्हणून प्रकरण दप्तरी दाखल करून मोकळी होतात.

हा समज सर्वांत घातक, कारण तो इलाजाची वाटच बंद करतो. अशा कुत्र्यांच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण केले असता बाह्यपटल क्षीण झालेले, आतील पोकळ्या विस्तारलेल्या आणि बीटा-अमायलॉइड नामक प्रथिनाची पुटे साचलेली आढळतात. माणसाच्या अल्झायमर रोगातही हेच प्रथिन साचते. मात्र त्या रोगात पेशींच्या आत होणारे टाऊ प्रथिनाचे गुंते कुत्र्यांत क्वचितच दिसत असल्याने कुत्र्यांचा हा मेंदूविकार आणि अल्झायमर एकच मानणेही चूक होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशा बिघाडाचे किमान एक लक्षण आढळले. म्हणजे पंधरावे वर्ष गाठूनही सुमारे एक-तृतीयांश कुत्री त्यातून मुक्त होती. मग सारा दोष वयाच्या माथी कसा मारावा?

घरात घाण करतो तो खोडसाळपणाने, हा दुसरा आळ. शिकलेली शिस्तच ज्याच्या स्मृतीतून निसटली, त्याला मारल्याने फक्त भय वाढते. त्याच्या रात्रीच्या रडण्याला कोणी अपशकुन मानतात, तर कोणी तो पिसाळला म्हणतात. पिसाळलेला कुत्रा लक्षणे दिसू लागल्यावर साधारणतः दहा दिवसांच्या आत दगावतो. हा मेंदूविकार मात्र महिनोन्‌महिने सावकाश वाढतो. अर्थात कुत्रा कोणास चावला असल्यास लस घेण्यात हयगय करू नये.

इलाज नाही, हेही अर्धसत्यच. रोग समूळ जात नाही. पण सेलेजिलीन या औषधास अमेरिकेत १९९८ साली याच विकारासाठी मान्यता मिळाली, आणि वृद्ध बीगल कुत्र्यांवरील प्रयोगांत पोषक आहारास खेळ, सोबत व व्यायाम यांची जोड दिली असता आकलन अधिक काळ टिकल्याचे दिसले. मात्र इलाजापूर्वी सांधेदुखी, मोतीबिंदू, मूत्रपिंडाचे विकार, रक्तदाब यांची शहानिशा झाली पाहिजे, कारण तेही असेच सोंग घेतात. घरातील सामानाची जागा बदलू नये, रात्री मंद दिवा ठेवावा, आणि कुत्रा किती वाजता उठतो, कोठे अडकतो, याचे टिपण ठेवून ते पशुवैद्यास दाखवावे.