निरसें दूध आणि देवाचें तीर्थ

पंचामृतास दूध निरसेंच हवें, असा आमच्या वारज्याच्या घरीं अनेक वर्षांचा परिपाठ. गेल्या श्रावणांत सूनबाईंनीं गवळ्याकडील दूध आधीं उकळून, निववून मग पूजेस ठेविलें. तेव्हां थोरल्या वहिनींच्या कपाळास आठी पडली. घरांत सव्वा वर्षाचा नातू, माहेरीं आलेली गरोदर लेक. तीर्थ तर सर्वांनींच घ्यावयाचें. निवाडा मजकडे आला. मीं सूनबाईंचा पक्ष घेतला. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवतों.

आयुर्वेदानें धारोष्ण दुधाची थोरवी गाइली आहे, हें खरें. परंतु धारोष्ण म्हणजे धार काढतांक्षणींचें दूध. आज गोठ्यांतून आपल्या दारीं येईपर्यंत दुधाचे तास-दोन तास सहज जातात, आणि उष्म्यांत तेवढ्या अवधींत जंतू अनेक पटींनीं वाढतात.

त्यांत आतां एका नव्या संकटाची भर पडली आहे. गाईम्हशींची कास सुजते, तिला गोठ्यांत ‘दगडी’ म्हणतात. त्यावर प्रतिजैविक औषधें देतात. औषध अपुरें किंवा वारंवार दिलें, तर दुबळे जंतू मरतात व चिवट तेवढे उरतात. त्यांचीच प्रजा वाढते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच नोबेल पारितोषिकाच्या भाषणांत हा इशारा दिला होता. आपल्या पिंपरीस १९५५ सालीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. ज्या औषधांनीं असंख्य मुलें वांचलीं, त्यांसच दाद न देणारे जंतू निपजणें ही लहानसहान गोष्ट नव्हे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं अमेरिकेच्या पांच राज्यांतील दुधाचे दोन हजारांहून अधिक नमुने तपासून २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरसें दूध थंड न ठेवतां तसेंच बाहेर राहिलें, तर असे चिवट जंतू त्यांत फार वाढतात, असें त्यांना आढळलें. आपल्याकडे २०१८ च्या राष्ट्रीय पाहणींत ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर निघाला. त्यांत महाराष्ट्रांतीलही नमुने होते. संख्या थोडी असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं.

उपाय मात्र घरचाच आहे. औषधाला न जुमानणारा जंतू अग्नीला जुमानतो. दूध आल्याबरोबर नीट उकळावें, निवल्यावर थंड जागीं ठेवावें, आणि विरजणही तापविलेल्या दुधासच लावावें. परंतु दुधांत उतरलेला औषधाचा अंश उकळल्यानें सर्वस्वी जात नाहीं. यास्तव जनावरास औषध दिल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्याचें दूध रतिबास घालूं नये, असें गवळ्यास सांगावें. आणि त्या दिवसांत रतीब कमी आला म्हणून कुरकुर करूं नये, कारण तो बिचारा आपल्याच हितासाठीं तोटा सोसतो. आपणही वैद्यानें सांगितलेलें औषध अर्ध्यावर सोडूं नये, व उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊं नयेत.

वहिनींना मीं एवढेंच म्हटलें, “देव भावाचा भुकेला, निरशा दुधाचा आग्रह त्याचा नव्हे, आपला.” त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढल्या पूजेच्या सकाळीं मात्र दुधाचें पातेलें त्यांनीं स्वतःच शेगडीवर चढविलेलें मीं पाहिलें.