तेरची पांढरी आणि तिचे संग्रहालय

मराठवाड्यात गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे : काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीवर माणसे नांदतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांची पडझड, चुलीची राख आणि फुटकी खापरे यांच्या थरांनी पांढरी उंचावत जाते. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेल्या तेरची पांढरी अशी दोन हजार वर्षे उंचावत आली आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगराचा उल्लेख आहे. येथील साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदरी जात असे. पुढे शिलाहार राजांनीही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरविले.

या वैभवाचा मागमूस आज तेरमध्येच पाहावयास मिळतो, याचे श्रेय बव्हंशी रामलिंगप्पा लामतुरे या स्थानिक व्यापाऱ्याकडे जाते. गावात आणि शिवारात सापडणाऱ्या पुराणवस्तू त्यांनी चिकाटीने जमविल्या. त्या संग्रहातूनच आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. पांढऱ्या मातीच्या साच्यातील मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे अशा वस्तूंबरोबर तेथे एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती प्रतिमा सापडली, तिच्याशी तेरच्या प्रतिमेचे निकटचे साम्य आहे. ही मूर्ती एखाद्या दलालाच्या हाती पडून परगावी गेली असती, तर ‘एक सुबक जुनी बाहुली’ एवढीच तिची ओळख उरली असती. तेरचे नाव तिच्याशी जोडलेले राहिले, म्हणूनच ती रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची साक्षीदार ठरते.

दुर्मीळ वस्तू शहरातील मोठ्या संग्रहालयात अधिक सुरक्षित राहतात, तेथे तज्ज्ञ असतात, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय म्हणजे वस्तू शहरात हलविणे नव्हे, तर गावच्या संग्रहालयास निधी, पहारा आणि जाणता अभिरक्षक देणे हा होय. कायदा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. १९७२ च्या अधिनियमाने पुराणवस्तूंच्या व्यापारावर आणि निर्यातीवर निर्बंध घातले. तथापि वस्तू प्रथम हाती येते ती शेतकऱ्याच्या. ती दाखविल्यास कचेरीचे हेलपाटे पडतील आणि वस्तू कायमची दूर जाईल, अशी त्याची समजूत झाली, तर तो ती लपवील किंवा विकून टाकील. गावातच संग्रहालय असले, तर कायद्याला त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट सापडते.

अर्थात कपाटे भरली म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. उत्खननाविना मिळालेल्या वस्तूंचा थर कळत नाही, त्यामुळे त्यांची साक्ष अर्धीच राहते. म्हणून यापुढे सापडणाऱ्या प्रत्येक वस्तूची जागा, खोली आणि दिवस यांची नोंद झाली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरांच्या धाब्यांसाठी वा शेतासाठी पांढरीची माती उकरून नेणे म्हणजे न वाचलेल्या पोथीची पाने फाडणे आहे, हे शाळेतील मुलांना संग्रहालयातच शिकविले पाहिजे.

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीसाठी वारकरी श्रद्धेने येतात. मूळचे बौद्ध चैत्यगृह मानले जाणारे विटांचे त्रिविक्रम मंदिरही याच गावात उभे आहे. संतकुंभाराच्या दर्शनास येणाऱ्यांची पावले त्याच्याही आधीच्या कुंभारांच्या हातची कामे पाहण्यास वळावीत, अशी व्यवस्था शासनाने आणि ग्रामस्थांनी मिळून करावी. ज्या मातीने हे सारे दोन हजार वर्षे सांभाळले, तिच्या बाबतीत आपल्या एका पिढीने बेपर्वाई करू नये, एवढीच अपेक्षा आहे.