उंचीवरील कामासाठी क्रेन व मनुष्यवाहक लिफ्ट : प्रकार आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
बहुमजली इमारती, उड्डाणपूल व मेट्रो मार्ग यांच्या बांधकामात साहित्य आणि कामगार या दोहोंना उंचीवर न्यावे लागते. साहित्य उचलणारे यंत्र म्हणजे क्रेन होय. कामगारास कामाच्या जागी पोहोचवून तेथे उभे राहण्यास मंच देणारे यंत्र म्हणजे मनुष्यवाहक लिफ्ट होय. या दोन यंत्रांतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रेनचे प्रकार :
१) टॉवर क्रेन : उंच मनोऱ्यावर आडवी भुजा असते. तिच्या एका बाजूस भार व दुसऱ्या बाजूस काँक्रीटचा प्रतिभार असतो. इमारतीबरोबर मनोऱ्याची उंची वाढविता येते.
२) मोबाइल क्रेन : ही टायरवर चालते. भार उचलण्यापूर्वी आउटरिगर, म्हणजे बाजूचे आधारपाय, भक्कम जमिनीवर टेकवावे लागतात.
३) क्रॉलर क्रेन : ही रुंद पट्ट्यांवर चालत असल्याने तिचे वजन अधिक पृष्ठभागावर विभागले जाते.
४) गँट्री क्रेन : दोन्ही बाजूंच्या पायांवर आडवी तुळई असते. पुलाचे गर्डर बसविण्यासाठी लाँचिंग गँट्री वापरतात.

क्रेनच्या नावातील टनांचा आकडा सर्व स्थितींत लागू नसतो. भार व त्याचे क्रेनच्या मध्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर तोल अवलंबून असतो. ५ मीटरवरील १० टन भार आणि १० मीटरवरील ५ टन भार यांचा उलटविणारा परिणाम सारखाच असतो. म्हणून प्रत्येक अंतरासाठी भारतक्ता पाहणे अनिवार्य ठरते.

मनुष्यवाहक लिफ्टचे प्रकार :
सिझर लिफ्टचा मंच कात्रीसारख्या दांड्यांवर सरळ वर जातो. तिला समतल पृष्ठभाग लागतो. टेलिस्कोपिक बूम लिफ्टची भुजा सरळ लांबते, तर आर्टिक्युलेटेड बूम लिफ्टची भुजा कोपराप्रमाणे दुमडून अडथळ्यापलीकडे पोहोचते. पथदिव्यांच्या दुरुस्तीसाठी ट्रकवरील बकेट, तर इमारतीच्या बाह्य रंगकामासाठी दोरांवरील झुलता मंच वापरतात.

मूलभूत भेद :
बूम लिफ्टच्या मंचास कठडा, सुरक्षापट्टा अडकविण्याची जागा व कामगाराच्या हाती नियंत्रण असते. आपत्काळी जमिनीवरूनही मंच खाली आणता येतो. क्रेनच्या हुकास टांगलेल्या पाळण्यात मात्र कामगाराच्या हाती काहीच नसते. पाळणा हेलकावतो आणि त्याचा जीव दूरच्या चालकावर व एका दोरावर अवलंबून राहतो. क्रेन जागेवर उपलब्ध असते आणि काम थोड्या वेळाचे असते, एवढ्याच कारणाने हा मार्ग पत्करणे समर्थनीय नाही. अमेरिकेतील बांधकाम सुरक्षा नियमांनुसार अन्य साधने अधिक धोकादायक किंवा अशक्य असतील तरच क्रेनने माणसे उचलता येतात. तेव्हाही एकूण भार त्या अंतरावरील क्षमतेच्या ५० टक्क्यांहून अधिक चालत नाही.

भार उचलणाऱ्या यंत्राच्या परिसरातील कामगारही तितकेच असुरक्षित असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा मृत्यू झाला.

निष्कर्ष :
यंत्राची निवड केवळ उंची व भाडे पाहून करणे योग्य नाही. काय उचलावयाचे आहे, साहित्य की माणूस, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. माणसासाठी स्वतंत्र लिफ्टचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरला, तर ऐनवेळी क्रेनच्या हुकाकडे वळण्याची वेळ येणार नाही.